रोजचं बायबल वाचन कसं टिकवता? आणि कुणी विचारलं तर काय सांगता?

सावेडीची_लेक | सोमवार, रात्री १०:४०

सगळ्यांना सलाम. प्रश्न दोन आहेत, पण माझ्यापुरते ते एकमेकांत गुंतलेत म्हणून एकाच धाग्यात टाकतेय.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. तिचं बायबल माझ्याकडे आलं. काळं रेक्झिनचं कव्हर, चेन कधीच तुटलेली म्हणून वरून रबरबँड. पहाटे चहाचं आधण ठेवायच्या आधी ती ओट्याजवळ उभ्यानेच वाचायची, त्यामुळे फिलिप्पैकरांस पत्राच्या पानावर तेलाचा गोल डाग पडलाय, त्यातून पलीकडची अक्षरं दिसतात. आणि समासात पेन्सिलीने बारीक तारखा. "निकाल लागला." "पाणी नाही, तिसरा दिवस." "ह्यांची बदली." स्तोत्र ५६ शेजारी नुसतं माझं नाव आणि तारीख. ती तारीख मला आठवते, त्या दिवशी मी तिच्याशी भांडून होस्टेलला परत गेले होते.

तर जानेवारीत ठरवलं की ह्याच प्रतीतून वर्षभरात पूर्ण वाचायचं. उत्पत्ती भराभर झालं, निर्गम लाल समुद्रापर्यंत तर पळालंच, मग निवासमंडपाची मापं सुरू झाली, इतके हात लांब तितके हात रुंद, आणि तिसऱ्या पुस्तकाला, लेवीयला आल्यावर गाडी अडली ती अडलीच. दहा दिवस झाले, रबरबँड काढलेला नाही.

दुसरी गोष्ट. मी ऑफिसच्या बसमध्ये वाचायचे. शेजारी बसणाऱ्या ताईंनी एकदा विचारलं, रोज काय वाचता हो एवढं मन लावून? आणि मी पटकन पुस्तक मिटून म्हणाले, काही नाही, असंच. दिवसभर ते टोचत राहिलं. आईने असं कधीच केलं नसतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? पण हल्ली कोण कशाचा काय अर्थ काढेल ह्याची भीती वाटते हेही खरं.

तुम्ही काय करता सांगाल का? तुमचं स्वतःचं सांगा.

पोस्टकार्ड | सोमवार, रात्री ११:०२

ताई, आधी आईबद्दल वाईट वाटलं. स्तोत्र ५६ चं आठवं वचन बघा, देव आसवं बुधलीत भरून ठेवतो ते. त्यासाठीच लिहिलं असेल नाव.

आता हिशोब. बायबलात एकूण १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर आठवड्याला २३, म्हणजे ५२ आठवड्यांत होतं पूर्ण. मी मोबाईलवरच्या अॅपमध्ये प्लॅन लावलाय, सकाळी सहाला वाजतं. एवढं जमत नसेल तर फक्त नवा करार घ्या, २६० अध्याय आहेत, सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तरी वर्षात बरोबर संपतो, शनिवार रविवार मोकळे.

गव्हाची_रास | सोमवार, रात्री ११:१५

लेवीयला सगळ्यांचीच अडते गं. आमच्या मंडळीत फेब्रुवारी संपता संपता पाळकसाहेब विचारतातच, कोण कोण वाळवंटात अडकलंय? निम्मे हात वर जातात.

राहुरीचा_मळा | मंगळवार, सकाळी ५:५०

लेवीय सोडू नकोस बाळ. एकोणिसावा अध्याय आज उघड.

माझी आजी निरक्षर. बायबल तिला आजोबा वाचून दाखवायचे, कंदिलाच्या उजेडात, ओसरीवर. आमच्याकडे तेव्हा बाजरी आणि भुईमूग. काढणी झाली की शेतात राहतं ना इकडे तिकडे पडलेलं, त्याला सरवा म्हणतात, शहरातल्या पोरांना हा शब्दच माहीत नाही आता. आजी तरुणपणी दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जायची. काही मालक वेचू द्यायचे, काही जण गडी पाठवून हाकलायचे. तर लेवीय १९ मध्ये देव सांगतो की कापणी करताना शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आजोबांनी हे वाचलं तेव्हा आजी म्हणाली, थांबा, पुन्हा वाचा. तीन वेळा वाचायला लावलं. मग म्हणाली, म्हणजे देवाला सरवा ठाऊक आहे.

पुढे रूथचं पुस्तक आलं तेव्हा ती आजोबांनाच समजावून सांगायची. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, बवाज गड्यांना सांगतो की मुद्दाम चार कणसं पेंढीतून पडू द्या. आजी म्हणायची, जाणूनबुजून टाकलेलं आणि चुकून पडलेलं वेचणारीला लगेच कळतं. हे मला कुठल्याही उपदेशात ऐकायला मिळालेलं नाही.

नंतर आमची जमीन झाली, थोडीच, तीन एकर. आजी असेपर्यंत बांधाकडेच्या दोन ओळी कुणी काढल्या नाहीत. मीही काढत नाही. शेजारी विचारतो, का हो सोडता? मी त्याला लेवीय सांगतो. माझं सुवार्ता सांगणं एवढंच.

सावेडीची_लेक | मंगळवार, सकाळी ८:१०

काका, तुमची पोस्ट बसमध्ये वाचली आणि डोळे भरून आले. आज रात्री १९ उघडतेय.

केळीची_वाडी | मंगळवार, दुपारी १:२०

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे पूर्ण बायबल सलग वाचायची पद्धत तशी कमी होती, माझ्या आजीच्या घरी जपमाळ रोज व्हायची, पण बायबल कपाटात असायचं. मी करते ते असं की त्या दिवसाच्या मिस्सातली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली वाचनं घरी आधी वाचते. पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, शुभवर्तमान. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आणि रोजची दोन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. म्हणजे मी वाचते तेच त्या दिवशी पार कुठे कुठे लोक वाचत असतात. मला त्याचा फार आधार वाटतो, एकटीच वाचतेय असं होत नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घरात आल्यापासून मुलंही वाचायला लागली. तळटिपा आहेत, प्रस्तावना आहेत. मुलाने त्यातूनच विचारलं की चार शुभवर्तमानं का, एक का नाही.

आणि हो, आपल्याकडे पुस्तकाच्या आधी कानाने ऐकायची परंपरा आहे हे विसरू नका. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ चं, ते काही बायबलचं भाषांतर नव्हे, पण आदामापासून येशूपर्यंत सगळं मराठी ओवीत सांगितलेलं आणि चर्चमध्ये लोकांपुढे म्हटलं जायचं. ज्यांच्या हातात पुस्तक नव्हतं त्यांच्या कानात तरी गोष्ट होती.

रविवारपेठ | मंगळवार, दुपारी ३:४५

ह्या अॅपच्या प्लॅनबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. पोस्टकार्ड, राग मानू नका. मी सलग चार वर्षं वर्षाला एकदा असं पूर्ण वाचलं. चौथ्या वर्षी लक्षात आलं की मी फक्त टिकमार्क करतोय. काल काय वाचलं विचारलं तर सांगता येत नव्हतं. तेव्हा प्लॅन सोडला. मार्क घेतला, सोळा अध्याय, सहा महिने. एकेका प्रसंगावर थांबून. चार जणांनी छप्पर उचकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं त्यावर मी आठवडाभर होतो, त्या चौघांपैकी मी कुणासाठी कुणी आहे का हा विचार पाठ सोडेना.

पोस्टकार्ड | मंगळवार, दुपारी ४:३०

राग कसला. पण भराभर वाचायचाही एक फायदा असतो ना दादा. मी मार्क एकदा एका बैठकीत मोठ्याने वाचला, दीड तास लागला. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की शेवटचा आठवडा केवढी जागा व्यापतो, सोळापैकी सहा अध्याय फक्त यरुशलेमेतल्या त्या दिवसांचे. तुकड्या तुकड्याने वाचताना हे कधी दिसलं नव्हतं.

आणि मॅकचेन नावाच्या स्कॉटिश पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वेळापत्रक केलं होतं, रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. लोक अजून वापरतात. म्हणजे प्लॅन हे काही मोबाईलचं खूळ नाही.

रविवारपेठ | मंगळवार, दुपारी ४:४१

सहा अध्यायांचं पटलं. आज रात्री मोठ्याने वाचून बघतो.

संडेस्कूल_बाई | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

सावेडीची_लेक, दहा दिवस राहिलेत म्हणून ते तीस अध्याय भरून काढायला जाऊ नकोस. तू नुकताच निर्गम १६ वाचलास. मन्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा, साठवला की किडे पडायचे. राहिलेलं राहू दे, आजचं वाच.

मन्न्यावरून आठवलं. माझ्या वर्गात सात-आठ वर्षांची मुलं. मी वाचून दाखवलं की मन्ना धण्यासारखा होता आणि पांढरा. एक मुलगा म्हणाला, बाई, धणे पांढरे नसतात, आमचं किराणा दुकान आहे. पुढच्या रविवारी तो खिशातून कागदाच्या पुडीत धणे घेऊनच आला पुरावा म्हणून. मग सगळ्यांनी एकेक धणा हातात घेतला आणि आम्ही ठरवलं की आकार धण्याचा, रंग पांढरा. एक मुलगी म्हणाली म्हणजे साबुदाणा! त्या दिवसापासून आमच्या चर्चमध्ये साबुदाण्याच्या खिचडीला मुलं मन्ना म्हणतात.

अश्दोदकर | मंगळवार, रात्री ९:३०

मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. आजोळ अलिबागकडचं, आता घर अश्दोदला. धागा लेवीयवरून सुरू झाला म्हणून राहवलं नाही.

आम्ही त्या पुस्तकाला वायिक्रा म्हणतो. गंमत अशी की जुन्या काळी यहुदी मुलांचं शिक्षणच ह्या पुस्तकापासून सुरू करायची प्रथा होती. लहान मुलं निर्मळ, म्हणून त्यांनी निर्मळपणाच्या गोष्टींपासून सुरुवात करावी असं आमचे रब्बी सांगत. तुमची गाडी जिथे अडते तिथे आमची सुरू व्हायची.

तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचे, आम्ही ५४ भाग करतो, दर शब्बाथला म्हणजे शनिवारी एक, काही आठवड्यांत दोन जोडून, म्हणजे वर्षात पूर्ण होतं. सिमहात तोराच्या सणाला शेवटचा भाग वाचून त्याच दिवशी लगेच पुन्हा उत्पत्तीचा पहिला भाग. आमच्याकडे सहसा कुणी मागे पडत नाही कारण सगळं सिनेगॉग एकाच पानावर असतं. तुम्ही आजारी पडलात, प्रवासात असलात, परत आलात की लोक जिथे असतील तिथे जाऊन बसायचं. केळीची_वाडी म्हणतात तेच आहे हे बहुतेक.

आणखी एक. कोकणात असताना आमच्या लोकांना शास्त्र मराठीतून मिळालं त्यात तुमच्या मिशनऱ्यांचा हात होता. डॉ. जॉन विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, १८३२ मध्ये. त्यांना आम्ही ख्रिस्ती व्हावं असं वाटत असणार. आम्ही हिब्रू शिकलो आणि आणखी पक्के यहुदी झालो. पण शिकवल्याचं ऋण आहेच, ते माझे आजोबा नेहमी बोलून दाखवायचे.

राहुरीचा_मळा | बुधवार, सकाळी ५:४५

अश्दोदकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या भजनांसारखी तुमच्याकडेही कीर्तनं होती ना, योसेफाच्या गोष्टीवर वगैरे?

अश्दोदकर | बुधवार, दुपारी १२:१०

होती तर. मराठी कीर्तन, विषय तोरातले. माझी आई गुणगुणते अजून.

केडगाव_लोकल | बुधवार, दुपारी २:००

कुठल्या प्रतीतून वाचता हा प्रश्न कुणीच काढला नाही अजून. माझ्या मते वाचन न टिकण्याचं अर्धं कारण भाषा आहे. आपली जुनी प्रत कानाला गोड आहे, मलाही तीच पाठ आहे, पण नव्या माणसाला "भीडस्तपणा" आणि "प्रायश्चित्त" एका दमात कसं पचणार?

पंडिता रमाबाईंना हेच दिसलं होतं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायका, दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, त्यांना संस्कृताळलेलं भाषांतर कळेना. म्हणून एवढी मोठी संस्कृत पंडिता, जिला कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, ती हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या मराठीत सबंध बायबल केलं. छपाईचे खिळे जुळवणं, छपाई, बांधणी सगळं मुक्तीतल्या बायकामुलींनी केलं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की शेवटची प्रुफं तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या, ५ एप्रिल १९२२.

जी बाई अक्षर ओळखत नव्हती ती आधी अक्षर शिकली, मग खिळा जुळवायला शिकली, मग तिने जुळवलेलं पान तिनेच वाचलं. त्या बायकांना कुणी म्हणालं नसेल की रोज वाचन करा.

टेकडीवरून | बुधवार, रात्री ८:२५

मी हिंदू आहे, पुण्याचा. धागा आवडला, विशेषतः सरव्याची पोस्ट. पण दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. कटू वाटेल थोडं.

माझे आजोबा शेवटच्या आजारपणात एका हॉस्पिटलमध्ये होते. आम्ही कुणी खोलीत नसताना एक गृहस्थ येऊन त्यांच्या उशाशी पत्रक ठेवून गेले आणि म्हणाले, आजोबा, अजून वेळ आहे. आजोबा जन्मभर ज्ञानेश्वरी वाचणारे. शुद्धीवर होते. संध्याकाळी मला म्हणाले, त्याला वाटलं माझं आयुष्य फुकट गेलं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. श्रद्धा सांगायला हरकत नाही हो, पण समोरचा माणूस अंथरुणाला खिळलेला, उठून जाऊ शकत नाही, त्याला गाठून?

आणि कवी टिळकांचं उदाहरण तुम्ही लोक देता. मी स्मृतिचित्रे, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, वाचलंय. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं तेही त्याच पुस्तकात आहे.

रविवारपेठ | बुधवार, रात्री ९:१०

टेकडीवरून, आधी माफी मागतो. तो माणूस मी नव्हतो, पण तो माझ्या माणसांपैकी होता, म्हणून.

तरी मला सांगितलंच पाहिजे असं वाटतं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. माझे वडील दारूत बुडालेले होते. एका पाववाल्याने त्यांना येशूबद्दल सांगितलं. तो रोज सकाळी पाव द्यायला यायचा आणि दोन मिनिटं बोलायचा, वडील शिव्या द्यायचे, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव घेऊन हजर. दीड वर्ष. तो गप्प बसला असता तर माझं लहानपण काय झालं असतं ह्याचा मी विचार करू शकत नाही. घटनेच्या २५ व्या कलमाने आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय. पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलंय की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. मला दोन्ही मान्य आहे. माझं काम सांगायचं. मन बदलणं देवाचं आणि त्या माणसाचं.

टेकडीवरून | बुधवार, रात्री ९:३२

तुमचे वडील त्या पाववाल्याला दाराबाहेर हाकलू शकत होते. माझे आजोबा हाकलू शकत नव्हते. मला वाटतं एवढाच फरक मी सांगतोय.

रविवारपेठ | बुधवार, रात्री ९:४०

हो. तो फरक मोठा आहे. मान्य.

मिरजेची_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६:३०

मी ३४ वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त. टेकडीवरून यांनी लिहिलेलं मी पाहिलेलं आहे, आणि वॉर्डात असं करणाऱ्यांना मी बाहेर काढलेलं आहे. पेशंट आपल्या ताब्यात असतो तेव्हा आपली जबाबदारी दुप्पट असते.

माझा नियम होता, विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारल्यावर टाळायचं नाही. नाईट ड्युटीला मी स्तोत्र १२१ मनात म्हणायचे, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही की झोपत नाही असं त्यात आहे. रात्री तीनला तुमचे डोळे मिटायला लागतात, सलाईन संपत आलेलं असतं, तेव्हा हे फार कामी येतं. एकदा एका मुसलमान आजींनी विचारलं, सिस्टर, ओठ हलतात तुमचे, काय म्हणता? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्याने म्हणा, मलाही झोप येत नाहीये. पुढच्या अकरा रात्री आमचं ठरलेलं, तीनच्या राउंडला स्तोत्र. शेवटच्या रात्री त्यांनी माझ्यासाठी दुआ केली. त्यांनी विचारलं तेव्हा मी येशूबद्दल सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, जशा आल्या तशा मुसलमान. मी आजही त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे ना, आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने व भीडस्तपणाने. केडगाव_लोकल म्हणतात तो शब्द अवघड आहे खरा, पण मला तो फार आवडतो. भीड असावी माणसाची.

केडगाव_लोकल | गुरुवार, सकाळी ९:००

सिस्टर, तुमच्यामुळे त्या शब्दावरचा माझा आक्षेप मागे.

जुनी_पेटी | गुरुवार, दुपारी ४:१५

टिळकांचा विषय निघालाच आहे तर. १८९३ मध्ये नांदगावला, म्हणजे राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या साहेबाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, कवितेच्या, साहित्याच्या, आणि जाताना नवा करार दिला. टिळक वाचत गेले ते मत्तयाच्या डोंगरावरच्या प्रवचनाला आल्यावर थांबले. रोज वाचन म्हणतात ते हे, कुणी मागे लागलेलं नाही, परीक्षा नाही.

लक्ष्मीबाईंचं दुःख खरंच आहे, टेकडीवरून, ते कुणी झाकू नये. तिने स्वतः नाही झाकलं. पण पुढचं पण वाचा ना, तिच्यावर कुणी जबरदस्ती करू शकलं नाही, टिळक तर नाहीच. जातीचं सोवळं आधी सुटलं, स्वतःच्या विचाराने, आणि बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये. नंतर टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य तिने पुरं केलं.

आणि टिळकांनी आम्हाला काय दिलं, तर भजनं. मी चर्चमध्ये पेटी वाजवतो, ४० वर्षं झाली. आमच्या मंडळीत लिहितावाचता न येणारे आजी-आजोबा होते, त्यांना अख्खं शुभवर्तमान अभंगातून पाठ. तुकोबांच्या वाटेने आलेला माणूस, त्यामुळे ती चाल शेजारच्या विठ्ठलमंदिरातल्या बुवांनाही परकी वाटत नव्हती. बुवांचा तबलजी आजारी पडला की आमचा जायचा, आमचा नसला की त्यांचा यायचा.

टेकडीवरून | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

हे तबलजीचं फार आवडलं. आणि स्मृतिचित्रे पुन्हा काढतो, उत्तरार्ध वाचून बरीच वर्षं झाली. सिस्टर, तुमच्यासारखी कुणी त्या वॉर्डात असती तर बरं झालं असतं.

गव्हाची_रास | गुरुवार, रात्री १०:००

विषयांतर, पण वॉचनाईटला ह्यावर्षी कुणाला कुठलं वचन आलं? आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या उपासनेत टोपलीतून चिठ्ठी काढतात. मला नहेम्या ८:१०. सासूबाईंना तेच आलं गेल्या वर्षी, ती चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.

संडेस्कूल_बाई | गुरुवार, रात्री १०:२०

यशया ४१:१०. दर दोन वर्षांनी हेच येतं मला!

पोस्टकार्ड | शुक्रवार, सकाळी ७:१५

अश्दोदकरांचं वाचून एक सुचलं. लेवीयचे २७ अध्याय आहेत. इथले ज्यांना हवंय ते सगळे मिळून रोज एक वाचूया का, सोमवारपासून? कुणी मागे पडलं तर भरून काढायचं नाही, सगळे असतील तिथे येऊन बसायचं. रोज रात्री कुणीतरी एकाने इथे दोन ओळी लिहायच्या.

राहुरीचा_मळा | शुक्रवार, सकाळी ७:३०

मी आहे. पहाटे लिहीन.

केळीची_वाडी | शुक्रवार, सकाळी ९:४५

मीपण. अश्दोदकर, तुम्ही अडेल तिथे सांगाल का?

अश्दोदकर | शुक्रवार, दुपारी ११:३०

सांगेन. शब्बाथला मात्र फोन बंद असतो, शनिवारची उत्तरं रात्री.

सावेडीची_लेक | पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ९:५५

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत आणि मी गायब होते, माफ करा. वाचत मात्र रोज होते. लेवीय ४ झाला आज.

बसचं सांगते. सोमवारी मी पुस्तक परत काढलं. ताईंनी काही विचारलं नाही, एकदा मिटलं म्हटल्यावर कशाला विचारतील. मग मीच म्हणाले, त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही. हे बायबल आहे, माझ्या आईचं. मी ख्रिस्ती आहे आणि येशूवर माझा जीव आहे, आणि आई गेल्यापासून मी हे वाचते कारण ती ज्याच्याशी बोलायची त्याच्याशी मलाही बोलायचंय. एका दमात बोलून टाकलं सगळं. हात गार पडले होते.

त्या काही बोलल्या नाहीत. मग समासातल्या तारखा बघायला मागितल्या. "पाणी नाही, तिसरा दिवस" वाचून हसल्या, म्हणाल्या आमच्याकडे पण. मग सांगितलं की त्यांचे वडील वारकरी, घरी हरिपाठ रोज, त्यांच्या हरिपाठाच्या पुस्तकातही अशाच तारखा आहेत, गायीच्या वेताच्या. मी त्यांना काकांच्या आजीच्या सरव्याची गोष्ट सांगितली. ताई मूळच्या जामखेडकडच्या, सरवा म्हणताच त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, ते असलेलं वाचा ना मला. तर मंगळवारी रूथ १, बुधवारी २, मोठ्याने, म्हणजे बसच्या आवाजावर ऐकू येईल इतकंच. आज त्या म्हणाल्या, ती सासूला सोडून गेली नाही हेच मला कळत नाही, मी असते तर गेले असते. आणि मग बराच वेळ त्यांच्या सासूबद्दल बोलल्या.

रूथचे चारच अध्याय आहेत. पुढे काय वाचू, सुचवाल का?

रविवारपेठ | गुरुवार, रात्री १०:०५

मार्क! आणि मी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करतोय. मोठ्याने वाचून बघितला मी परवा, १ तास ३५ मिनिटं.

मिरजेची_सिस्टर | गुरुवार, रात्री १०:१२

लूक. सुरुवातीलाच दोन बायका भेटतात, मरीया आणि अलीशिबा, एक तरुण आणि एक म्हातारी. त्यांना आवडेल.

राहुरीचा_मळा | शुक्रवार, सकाळी ५:४०

जामखेडच्या म्हणजे बाजरीवाल्या. त्यांना माझा नमस्कार सांग.

टेकडीवरून | शुक्रवार, सकाळी ८:२०

एक विचारू? आईसारखं समासात तू काही लिहिलंस का?

सावेडीची_लेक | शुक्रवार, सकाळी ८:४८

हो. पेन्सिल ताईंच्या पर्समधली. रूथ २ शेजारी तारीख, आणि खाली "मगरपट्ट्याचा सिग्नल".